बारा आणि पंधरा

प्रश्न हाती आला की शिल्पा सपकाळे आधी घड्याळाकडे बघायची आणि मग प्रश्नाकडे. जळगावच्या एका कॉलेजात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवलं, तेव्हापासूनची ही खोड. नोकरी कधी कायम झाली नाही आणि एका जूनमध्ये तासिकाही संपल्या. खोड तेवढी कायम झाली. आता मेहरूणच्या आपल्या दोन खोल्यांत बसून ती अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या मुलांची जीआरईच्या गणिताची तयारी करून घ्यायची. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. सुटला तर सुटला, नाहीतर सोडून पुढे जायचं. गणिताचे भाग दोन. पहिल्यात बारा प्रश्न, दुसऱ्यात पंधरा. पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड येतो, वाईट गेला तर सोपा. म्हणून ती मुलांना सांगायची, "दुसरा भाग सोपा वाटला की घाबरा."

घरी शिकवणीला चारच मुलं होती. मुख्य काम धुळ्याचं. तिथे देवपुरात प्रेमराज बोरसेचं परदेशी शिक्षणाचं ऑफिस होतं. प्रेमराज तिचाच जुना विद्यार्थी. आठ महिन्यांपूर्वी पेढ्यांचा पुडा घेऊन आला, वाकून नमस्कार केला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"मॅडम, तुम्ही फक्त शंका सोडवायच्या. फोनवर प्रश्नाचा फोटो येईल, तुम्ही उत्तर पाठवा. घरबसल्या."

"कोणाची शंका, ते कळायला नको?"

"नको हो. पोरं लाजतात. आणि एक विनंती. आधी उत्तर पाठवा, रीत नंतर. आजकालच्या पोरांना धीर नाही."

हे काही तिला पटलं नव्हतं. आधी रीत, मग उत्तर, हे प्राथमिक शाळेतल्या बाईही सांगतात. पण ती 'बरं' म्हणाली. वाद घालणं तिला कधी जमलं नाही.

तिने एक वही सुरू केली. तारीख, वेळ, प्रश्नाचा प्रकार, सोडवायला लागलेले सेकंद, पाठवलेलं उत्तर. प्रेमराजला हे कळलं तेव्हा तो मोठ्याने हसला होता. "मॅडम, तुम्ही तशाच राहिल्या! पेपरला उभ्या असायच्या तेव्हाही फळ्यावर वेळ लिहायच्या." वही होती ती भाचीसाठी. मुलं कुठे अडतात ते कळलं तर रूपाकडून नेमकं तेच घोटून घेता येईल, एवढाच हिशेब.

रूपा अमळनेरच्या ज्योतीअक्काची, म्हणजे शिल्पाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. संख्याशास्त्रात पदवी पहिल्या वर्गात. हुशार होती, पण घाबरट. परीक्षेत एक तुलनेचा प्रकार असतो. एका बाजूला एक राशी, दुसऱ्या बाजूला दुसरी. पहिली मोठी, दुसरी मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, या चारांतून एक निवडायचं. रूपा अडली की चौथं निवडायची.

"तो काही पळून जायचा दरवाजा नाही," शिल्पा म्हणायची. "ठरवता येत नाही, हेसुद्धा सिद्ध करावं लागतं. एक उदाहरण असं दे की पहिली मोठी येईल, दुसरं असं की दुसरी मोठी येईल. तेव्हा म्हण."

"आणि उदाहरणच नाही सुचलं तर?"

"मग तू फक्त घाबरली आहेस."

रूपाचा पेपर शनिवारी, तेरा डिसेंबरला दुपारी दोनला होता. विद्यापीठाचा अर्ज पंधरापर्यंत. त्यामुळे यंदा ही एकच संधी. यंदा नाही जमलं तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत लग्न, असं अमळनेरच्या घरात ठरून गेलं होतं. मुलाकडचे एकदा येऊन पोहेही खाऊन गेले होते. पेपर घरून देता येतो, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर. पण अमळनेरला लाइटचा भरवसा नाही. तेव्हा प्रेमराजच म्हणाला होता, "आमची केबिन आहे की. तुमची भाची ती माझी बहीण." पंधरा दिवसांपासून रूपा देवपुरात मुलींच्या एका खोलीवर राहत होती आणि दिवसभर ऑफिसात अभ्यास करत होती.

गुरुवारी दुपारी शिल्पा वही घेऊन बसली. शेजारच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि त्या धुराचा वास खिडकीतून येत होता. रूपाच्या शेवटच्या उजळणीसाठी तिला एक तक्ता करायचा होता. प्रश्न सलग आले की एक गट, मध्ये खंड पडला की पेन्सिलीची रेघ, असं करत ती पानं उलटत गेली. मग सहज म्हणून प्रत्येक गटातले प्रश्न मोजले.

बारा. पंधरा. बारा. पंधरा.

मागच्या महिन्यातलं पान काढलं. बारा, पंधरा. ऑगस्टमधला एक दिवस काही जुळेना. तिथे प्रश्न दाटीने आले होते, काही तर एकाच मिनिटाला दोन. तिने दोन रंगांची पेनं घेतली आणि ते वेगळे केले. एका रंगात बारा आणि पंधरा, दुसऱ्या रंगातही बारा आणि पंधरा.

तिने वेळा बघितल्या. बारा प्रश्न एकवीस मिनिटांच्या आत, पंधरा प्रश्न सव्वीस मिनिटांच्या आत. मधला खंड बहुतेक वेळा अठरा मिनिटांचा, कधी तेवीस. अठरा मिनिटं म्हणजे इंग्रजीचा पहिला भाग, तेवीस म्हणजे दुसरा. म्हणजे ती पाण्याचा घोट घेऊन पाय मोकळे करत असताना कुठल्यातरी दुसऱ्या घरात दुसरं कोणीतरी शब्दांची उत्तरं पाठवत होतं.

शंका अशा मोजून येत नाहीत. पेपर येतो.

आठ महिन्यांत एकाही मुलाने उलट विचारलं नव्हतं, 'मॅडम, हे असं का?' वर्गात निम्मा वेळ या एका 'का'त जातो. तिला हे खटकलं कसं नाही? रोज सकाळी जी मुलांना बारा आणि पंधरा पाठ करून घेते, तिला आपल्याच अक्षरातले बारा आणि पंधरा दिसू नयेत! बाहेर कोणीतरी वांगी उलटली आणि काड्या तडतडल्या. शिल्पाने वही मिटली.

तिने रूपाला फोन लावला. बंद. मग अक्काला लावला.

"तिना फोन तठेच जमा करेल शे," अक्का म्हणाली. "अभ्यासमा ध्यान ऱ्हावाले. तुले काय काम शे?"

"काही नाही. शेवटचं थोडं सांगायचं होतं."

"तू काळजी करू नको व. प्रेमराजभाऊ देवमाणूस शे. पासपोर्ट, अर्ज, पेपर, बठ्ठं तोच दखस."

बठ्ठं तोच दखस. सगळं तोच बघतो.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ती धुळ्याला निघाली. एरंडोल, पारोळा मागे पडलं आणि अकराच्या सुमारास ती देवपुरातल्या त्या जिन्याखाली उभी होती. वर चष्म्याच्या दुकानावर एकच मजला. याआधी ती इथे कधी आली नव्हती. तशी वेळ प्रेमराजने येऊच दिली नव्हती.

आत भिंतभर मुलामुलींचे फोटो लावले होते. प्रत्येकाखाली गणिताचे गुण आणि परीक्षेची तारीख. एकशे अडुसष्ट, चौदा ऑगस्ट. एकशे सत्तर, दोन सप्टेंबर. एकशे एकोणसत्तर, एकोणीस ऑक्टोबर. तारखा वाचताना वहीतली पानं तिच्या डोळ्यांसमोर आपोआप उलटत होती. दोन सप्टेंबरला शेवटचा प्रश्न वर्तुळाचा होता. एकशे सत्तरवाली मुलगी फोटोत दोन बोटं वर करून हसत होती.

"मॅडम, तुम्ही?" कोपऱ्यातल्या टेबलावरून चाळिशीचा एक माणूस उठला. "मी भटू. इथलं कॉम्प्युटरचं बघतो. तुमचं 'बघते' असं आलं ना फोनवर, की जिवात जीव येतो बघा आमच्या!"

"तुम्हाला येतं ते? मला वाटलं मुलांना जातं."

"कोणत्या मुलांना?" भटूने मनापासून विचारलं. मग त्याचा चेहरा उतरला, आणि तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. "चहा सांगतो," म्हणून तो उठलाच.

मागच्या बाजूला तीन दारं शेजारी शेजारी होती. दोन्ही टोकांच्या केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून टेबल, एक खुर्ची, एक कॉम्प्युटर. मधल्या दाराला कुलूप. भटू किल्ल्यांचा जुडगा टेबलावर विसरला असता तरी तिने ते उघडलं नसतं. गरज नव्हती. तिला येणारा प्रत्येक फोटो कॉम्प्युटरच्या पडद्याचा असायचा, आणि दर वेळी डावीकडे जरासा कललेला. मधल्या पातळ भिंतीतून केबिनमधल्या कॉम्प्युटरची एक काळी वायर पलीकडे गेली होती. तोच पडदा पलीकडच्या खोलीतही दिसत असणार. आणि पडदा तिकडे दिसतो, तर माउसही तिकडून हलत असणार.

"मॅडम! अहो, सांगायचं तरी. गाडी पाठवली असती." प्रेमराज आला तो हात जोडतच. त्याने तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं.

"रूपाला घरी न्यायला आले. पेपर माझ्याकडे देईल. माझ्याकडे कॉम्प्युटर आहे."

"न्या ना. तुमचीच पोरगी." त्याने चहाची बशी तिच्याकडे सरकवली. "फक्त पासपोर्टचं बघावं लागेल. कॅमेऱ्यासमोर तो दाखवल्याशिवाय पेपर सुरू होत नाही. तो आमच्या लॉकरला, आणि लॉकरची चावी आमच्या शिपायाकडे, तोतारामकडे. तोताराम गेला शिरपूरला लग्नाला."

"केव्हा येईल?"

"उद्या बाराला."

दोन वाजता पेपर. बारा वाजता पासपोर्ट हातात पडला तरी जळगाव अडीच तासांवर. तिने ही वजाबाकी मनात केली आणि तिच्याकडे बघणाऱ्या प्रेमराजला ती केलेली दिसलीसुद्धा.

"मॅडम, एक सांगू?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "एसवायला असताना मी बाहीत चिठ्ठी घेऊन बसलो होतो. तुम्ही आल्या, हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, आणि काही न बोलता पुढे गेल्या. ना नाव लिहिलं, ना ओरडलात. मी त्या पेपरात पास झालो. तेव्हाच मनात म्हटलं, ह्या मॅडम आपल्या आहेत."

शिल्पाला ती चिठ्ठी आठवली. घामाने ओली झाली होती. त्या दिवशी तिला वाटलं होतं, एका मुलाचं वर्ष वाचलं.

"उद्या तुम्ही आहातच ना फोनवर?" प्रेमराजने विचारलं. "पावणेतीनच्या सुमाराला शंका सुरू होतील."

नाही म्हटलं तर हा दुसरं कोणीतरी शोधेल. इंग्रजीला आहे तसं गणितालाही याच्याकडे दुसरं कोणी असेलच. उत्तरं जिथून निघतात ते तोंड तिच्या ताब्यात होतं, आणि ते ताब्यात राहायला हवं होतं.

"आहे," ती म्हणाली. "मी असते नेहमी."

रूपा तिला जिन्यात भेटली. खालून वडापावचा कागद हातात घेऊन वर येत होती.

"मावशी! तू इकडे कुठे?"

"तुला बघायला. उद्या काय सांगितलंय तुला यांनी?"

"काय सांगणार? शांत राहा, भिंतीकडे बघत बसू नको, ओठ हलवू नको." रूपाने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "आणि अडलीस तर माउस सोडून दे म्हणे. बाकी आम्ही बघतो."

"म्हणजे काय, विचारलंस?"

"नेटचं काही असेल असं वाटलं मला." हे म्हणताना तिने मावशीकडे बघितलं नाही.

वरून भटूच्या खोकल्याचा आवाज आला. जिन्याच्या तोंडाशी कोणीतरी उभं होतं, चपलांची टोकं दिसत होती. शिल्पाने भाचीच्या हातातला कागद घेतला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "उद्या माउस सोडू नकोस."

"आणि अडले तर?"

"पावणेदोन मिनिटं झाली की पुढे जा. पण सोडू नकोस."

परतीच्या एसटीत तिने रूपाचा चेहरा पुन्हा पुन्हा आठवून बघितला. समजा, हिला सगळं माहीत आहे. मग 'नेटचं काही असेल' हे वाक्य जुळतं. समजा, हिला काहीच माहीत नाही. तरी तेच वाक्य जुळतं. दोन उदाहरणं, दोन्ही चालतात. पारोळ्याच्या स्टँडवर बोरं विकणारी बाई खिडकीशी येऊन ओरडत होती, आणि शिल्पा मनात म्हणत होती, दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. आज ते सिद्ध झालं होतं.

शनिवारी तिने सकाळपासून काही खाल्लं नाही. अडीचला वही उघडली, तारीख घातली. पासपोर्टची तपासणी होऊन पेपर सव्वादोनला सुरू झाला असेल, तर निबंधाचा अर्धा तास पावणेतीनला संपणार.

दोन सेहेचाळीसला फोन थरथरला.

फोटो तोच, डावीकडे कललेला. पहिला प्रश्न. तिने लिहिलं, 'बघते', आणि पाठवलं. एवढ्याने पलीकडचे थोडा वेळ स्वस्थ बसणार होते. मग फोन टेबलावर ठेवून तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. पण डोक्याला कोण बांधून ठेवणार? तिला उत्तर दिसलंच. दुसरा प्रश्न आला, त्याचंही दिसलं. तिसऱ्याचं उत्तर फोटो पूर्ण उमटायच्या आत दिसलं. वहीत ती फक्त वेळ लिहीत होती आणि पुढे 'उत्तर पाठवलं नाही' असं.

पाचव्या प्रश्नानंतर प्रेमराजचा फोन आला. वाजून थांबला. पुन्हा आला. सातव्या प्रश्नाखाली भटूने लिहिलं होतं, 'मॅडम लवकर'. आठव्याखाली नुसतं 'मॅडम'. त्या भिंतीपलीकडे रूपा बसली होती, तिच्या हाताखाली माउस होता, आणि तो तिने धरला होता की सोडला होता, हे जळगावात बसून कळायला काही मार्ग नव्हता. सोडला असेल, तर पोरगी या क्षणी न हलणाऱ्या बाणाकडे बघत बसली असेल, आणि तिचं वर्ष आपण इथे मांडीखाली हात घेऊन बुडवतोय. एक आकडा पाठवायचा फक्त. एक, दोन, तीन किंवा चार.

तीन वाजून सहा मिनिटांनी बारावा प्रश्न संपला आणि फोन गप्प झाला.

आता अठरा मिनिटं. शिल्पा उठली नाही. रूपाने काय केलं ते कळायला एकच मार्ग होता, आणि तो या अठरा मिनिटांच्या पलीकडे होता. पहिला भाग रूपाने नुसता बसून घालवला असेल, तर दुसरा सोपा येईल. टक्केवारी, सरासरी, त्रिकोणाचे कोन. शिल्पा गेली वीस वर्षं अवघड प्रश्नांवर जगली होती, पण एखादा प्रश्न अवघड यावा म्हणून तिने कधी हात जोडले नव्हते.

तीन पंचवीसला फोटो आला.

तुलनेचा प्रश्न. 'तीनपेक्षा मोठ्या एका मूळ संख्येचा वर्ग घेतला.' पहिली राशी, त्या वर्गाला चोविसाने भागल्यावर उरणारी बाकी. दुसरी राशी, एक. संख्या कोणती, ते सांगितलेलं नाही.

तिने तो दोनदा वाचला. सोप्या भागात असला प्रश्न कधी येत नाही. दुसरा आला, तो त्याहून अवघड. तिसरा तसाच. प्रश्न अजून तिच्याकडेच येत होते, म्हणजे प्रेमराजला दुसरं कोणी मिळालं नव्हतं. तर मग पहिले बारा कोणी सोडवले? एकच उत्तर उरत होतं. शिल्पाने तोंडाला पदर लावला आणि पंधरा ओळी तशाच, वाकड्या अक्षरात लिहिल्या. उत्तर पाठवलं नाही. उत्तर पाठवलं नाही.

सव्वाचारनंतर प्रेमराजचा फोन आला. तो तिने उचलला.

"पेपर झाला मॅडम," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा गोड होता. "तुमचं नेट गेलं होतं का?"

"नाही."

"येतो मग. पोरीलाही आणतो सोबत, कशाला एसटीत धक्के खाईल. आणि ती वही आहे ना तुमची, वेळा लिहिता ती? ती काढून ठेवा."

"बरं," शिल्पा म्हणाली.

दोन तास होते. तिने वहीच्या एकेका पानाचा फोटो काढला. एकसष्ट पानं. मग परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. सुरुवात स्वतःच्या नावाने केली. आठ महिने उत्तरं मीच पाठवली, पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, हे आधी लिहिलं. ऑफिसचा पत्ता, भिंतीवरच्या फोटोंच्या तारखा. शेवटी रूपाचं नाव आणि त्यापुढे 'उत्तर पाठवलं नाही' अशा सत्तावीस ओळी. त्या खोलीतला प्रत्येक पेपर आता रद्द होणार. हिने आपल्या अकलेने सोडवला, याला पुरावा म्हणजे या सत्तावीस ओळी, आणि त्या लिहिणारी बाई कोण, तर आठ महिने चोरी करणारी. मानलं तर मानलं. नाव गाळलं असतं, तर मात्र ते धाक घालायला प्रेमराजकडे राहिलं असतं, पासपोर्टासारखं.

पत्र तयार झालं, पण तिने ते पाठवलं नाही. पत्र पोचून धुळ्यात कोणाचा तरी फोन वाजायला किती वेळ लागतो, ते तिला माहीत नव्हतं. गाडीत रूपा होती.

साडेसहाच्या आत गाडी गल्लीत आली. दोन दारं वाजली. रूपा आधी आत आली, चेहरा ओढलेला, पण डोळे चमकत होते. मागून प्रेमराज.

"चहा टाका मॅडम," तो बसत म्हणाला. "थंडी पडली."

शिल्पा स्वयंपाकघरात गेली. आधण ठेवलं, साखर घातली, आलं ठेचलं. चहाला उकळी आली तेव्हा तिने पत्र पाठवलं. गेल्याची खूण उमटेपर्यंत थांबली, मग गॅस बंद केला.

वही टेबलावर होतीच. प्रेमराजने ती उलटीपालटी करून बघितली, शेवटच्या पानावर थांबला, आणि हसला. "सुंदर अक्षर हो तुमचं. कोणीही बघितलं तरी ओळखेल." वही त्याने काखेत धरली. "आजचं झालं ते झालं. घरचं माणूस म्हटल्यावर जीव कचरतो, मी समजू शकतो. ही माझ्याकडे राहू द्या. आणि सातला बसा फोनवर. शिरपूरचा मुलगा आहे. पासपोर्ट सोमवारी पाठवतो, तुमचं काम बघून."

त्याने कप पूर्ण रिकामा केला, बशी त्यावर पालथी घातली, आणि गेला.

गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेल्यावर रूपा बोलली. "तो चोविसाचा आला होता, मावशी. मी चौथ्यावर बोट ठेवलं होतं. संख्याच सांगितली नाही, तर ठरवणार कसं? मग म्हटलं, सिद्ध कर. पाच घातले, एक उरला. सात, अकरा, तेरा. एकच. मग आजूबाजूच्या दोन संख्या बघितल्या, त्यांचा गुणाकार वर्गापेक्षा एकाने कमी. दोन्ही सम, एकीला चाराने भाग जातो, एकीला तिनाने. समान. समान लिहिलं मी."

"बरोबर आहे."

"पहिल्या प्रश्नाला मी सोडला होता माउस," रूपा खाली बघत म्हणाली. "वाट बघितली. एक मिनिट. हललाच नाही. तेव्हा तुझं आठवलं. मग नाही सोडला."

शिल्पाने तिला शेजारी बसवलं, आणि जे पाठवलं होतं ते सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पेपर रद्द होऊ शकतो, हे सांगितलं. आखाजी आहेच समोर, हेही दोघींना माहीत होतं. रूपा रडली नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

"अवघड आला होता ना गं दुसरा?" तिने विचारलं.

"फार अवघड."

सात वाजून दोन मिनिटांनी फोन थरथरला. डावीकडे कललेला फोटो. पहिला प्रश्न. मग दुसरा. दोघी त्या उजेडाकडे बघत राहिल्या. रूपाचे ओठ सवयीने हलत होते. पाचव्यानंतर भटूने लिहिलं, 'मॅडम लवकर'. मग प्रेमराजचा फोन वाजायला लागला, थांबला, वाजला, थांबला. सात तेवीसला बारावा प्रश्न आला आणि सगळं शांत झालं.

"आता?" रूपाने विचारलं.

"आता अठरा मिनिटं काही येणार नाही."

प्रेमराज अजून अर्ध्या वाटेवरही पोचला नसणार. शिल्पा उठली, कडी लावली, वरचा अडसरही सरकवला. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी वळली. तिचे दिवे समोरच्या भिंतीवरून सावकाश सरकत आले आणि त्यांच्या खिडकीवर येऊन थांबले. शिल्पाने घड्याळाकडे बघितलं. अठरातली चार मिनिटं झाली होती.